जर्मनीत भाड्याच्या घरातलं हायत्सुंगचं बिल: करारापासून हरकतीपर्यंत

पुण्या-मुंबईहून जर्मनीत आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात थंडीचा धक्का बसत नाही, कारण त्याची तयारी करून आलेलो असतो. धक्का बसतो पुढच्या वर्षी, हायत्सुंगचा, म्हणजे हीटिंगचा, वार्षिक हिशेब घरी आल्यावर. दर महिन्याला भाडं दिलं, त्यात हीटिंगचे पैसेही दिले आणि आता आणखी सहाशे युरो भरा म्हणतात. शेजारच्या घरातल्या कुटुंबाला मात्र उलटे पैसे परत मिळालेत. चौथ्या पानावर आकड्यांचं एक कोष्टक असतं, पण त्याकडे बघून काहीच उमगत नाही.

हे कोष्टक कसं वाचायचं, घर घेताना काय विचारायचं आणि बिल चुकीचं वाटलं तर काय करायचं, ते क्रमाने सांगतो. मात्र त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. रेडिएटरवर चिकटवलेली ती पांढरी डबी आपण किती ऊर्जा वापरली ते मोजत नाही. इमारतीच्या एकूण खर्चात आपला वाटा किती, एवढंच ती ठरवते. बिलाबद्दलचे अर्धे गैरसमज यातूनच होतात.

आधी: हा मीटर आला कुठून

आपल्याकडच्या सोसायटीत टँकरच्या पाण्याचं बिल सगळ्या फ्लॅटमध्ये सारखं वाटलं जातं. मग गच्चीवरच्या कुंड्यांना पाइप लावून ठेवणारे आणि दोन बादल्यांत भागवणारे सारखेच पैसे भरतात, आणि वार्षिक सभेत भांडण ठरलेलं. जर्मनीत हे भांडण हीटिंगवरून होतं. इमारतीच्या तळघरात एकच बॉयलर असतो किंवा शहराच्या केंद्रातून गरम पाण्याची लाइन येते, आणि सगळी घरं त्याच पाण्यावर तापतात. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले. त्यानंतर 1981 मध्ये हायत्सकोस्टनफरऑर्डनुंग, म्हणजे हीटिंग खर्चाच्या वाटपाचा नियम लागू झाला. खर्चाचा मोठा भाग प्रत्यक्ष वापरावरच वाटायचा, असं त्यात घरमालकावर बंधन आहे.

युरोपात सगळीकडे असं नाही. स्वीडनमध्ये भाड्यात हीटिंग धरलेलं असणं ही सर्वसाधारण पद्धत आहे. तिथल्या सरकारी बांधकाम संस्थेने घरागणिक मीटर लावण्याचा हिशेब मांडला, तेव्हा बहुतेक इमारतींत तो परवडणारा नाही असा निष्कर्ष निघाला. म्हणजे मीटर लावणं फायद्याचं आहेच, असं धरून चालू नका. इमारत कशी आहे त्यावर ते ठरतं. त्याचा हिशेब पुढे मांडतो.

पहिली पायरी: करारावर सही करण्याआधी

जाहिरातीत काल्टमीटे आणि वार्ममीटे असे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे निव्वळ भाडं. वार्ममीटेत नेबेनकोस्टन मिळवलेले असतात, म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेकदा हीटिंग. हीटिंगची ही रक्कम अंदाजे घेतलेली आगाऊ रक्कम असते. वर्षअखेरीस खरा हिशेब होतो. वार्ममीटे कमी दाखवायची म्हणून आगाऊ रक्कम मुद्दाम कमी धरणारे घरमालक आहेत. त्यामुळे वार्ममीटे स्वस्त दिसली म्हणून खूश होऊ नका. आधी विचारा: मागच्या भाडेकरूचा वर्षाचा हीटिंगचा हिशेब किती आला होता? गेल्या वर्षाची अबरेखनुंग, म्हणजे हिशेबाचा कागद, नाव झाकून दाखवाल का? सरळ माणूस दाखवतो.

दुसरा प्रश्न: हीटिंग कसलं आहे? त्सेंट्रालहायत्सुंग (तळघरातला सामाईक बॉयलर) किंवा फेर्नव्हेर्मे (शहराच्या केंद्रातून येणारी लाइन) असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. घरातच स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये गॅसचा बॉयलर लटकत असेल, तर ती गास-एटागेनहायत्सुंग. तिथे गॅस कंपनीशी तुमचा स्वतःचा करार असतो, मीटर सरळ गॅसचा असतो आणि वाटपाची भानगडच नसते. विद्यार्थी वसतिगृहांना या नियमातून सूट आहे, तिथे बहुधा सगळं धरूनच भाडं असतं. घरमालक स्वतः राहतो अशा दोन घरांच्या इमारतीत करार करून हा नियम बाजूला ठेवता येतो.

तिसरी गोष्ट एनर्गीआउसवाइस, म्हणजे इमारतीचा ऊर्जा दाखला. घर बघायला जाल तेव्हा तो दाखवणं बंधनकारक आहे. त्यावर अ-प्लसपासून एचपर्यंतची श्रेणी आणि दर चौरस मीटरला वर्षाला किती किलोवॉट-तास लागतात तो आकडा असतो. आकडा 50 च्या आसपास असेल तर इमारत चांगली. 200 च्या वर असेल तर उंच छताचं, लाकडी जमिनीचं ते सुंदर जुनं घर हिवाळ्यात तुमचा खिसा रिकामा करणार.

दुसरी पायरी: किल्ली घेताना

युबरगाबे-प्रोटोकॉल, म्हणजे घराचा ताबा घेतानाचा कागद, यावर भिंतीवरचे ओरखडे सगळे लिहितात आणि मीटरचे आकडे विसरतात. प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरवरच्या डबीचा क्रमांक आणि आकडा लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. गरम पाण्याचा मीटर वेगळा असतो, बहुधा बाथरूमच्या भिंतीत, लाल कडीचा. त्याचाही फोटो घ्या. तळघरातल्या मीटरचा फोटो कधी कुणी मागत नाही, पण काढून ठेवला तर बिघडत नाही.

डबीवरचा पडदा दर काही सेकंदांनी बदलतो. कधी 888888 असं येतं, ती नुसती पडद्याची चाचणी असते. मग चालू वर्षाचा आकडा, हिशेबाची तारीख आणि गेल्या वर्षीचा अखेरचा आकडा येतो. बहुतेक ठिकाणी तारीख 31 डिसेंबर असते, त्या रात्री आकडा जतन होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून 1 जानेवारीला शून्य दिसलं तर घाबरू नका. काही जुन्या इमारतींत अजून काचेच्या नळीत रंगीत द्रव असलेली उपकरणं दिसतात. उष्णतेने द्रव उडून जातो, उरलेल्या पातळीवरून मोजमाप होतं. या प्रकारात रेडिएटर बंद असतानाही उन्हाळ्यात थोडं बाष्पीभवन होतंच, त्यासाठी नळी आधीच जरा जास्त भरलेली असते.

इलेक्ट्रॉनिक डबी रेडिएटरचं तापमान आणि खोलीचं तापमान यातला फरक मोजते आणि त्यावरून एकक मोजत जाते. हे एकक म्हणजे किलोवॉट-तास नव्हे. मोठा रेडिएटर त्याच तापमानाला जास्त उष्णता देतो, म्हणून प्रत्येक रेडिएटरचा एक गुणक ठरलेला असतो. काही डब्यांत हा गुणक आतच बसवलेला असतो, काहींत बिलात नंतर गुणतात. तेव्हा मित्राच्या घरातला आकडा 900 आणि तुमचा 2,400 आहे म्हणून तुम्ही तिप्पट खर्च केलात, असं अजिबात नाही.

तिसरी पायरी: आकड्यांचं कोष्टक

बिलाची मुळं दोन. खर्चाचा 50 ते 70 टक्के भाग वापरावर वाटतात आणि उरलेला 30 ते 50 टक्के क्षेत्रफळावर. कोणतं प्रमाण घ्यायचं ते घरमालक ठरवतो. मात्र गॅस किंवा तेलावर चालणाऱ्या, 1994 च्या उष्णतारोधनाच्या नियमांत न बसणाऱ्या आणि उघड्या पाइपांना बहुतांशी आवरण घातलेल्या जुन्या इमारतीत 70 टक्के सक्तीचे आहेत.

एक काल्पनिक इमारत घेऊ. आठ घरं, एकूण 600 चौरस मीटर, हीटिंगचा वर्षाचा सगळा खर्च 12,000 युरो. प्रमाण 70-30. क्षेत्रफळाच्या वाट्याचे 3,600 युरो, म्हणजे चौरस मीटरला 6. वापराच्या वाट्याचे 8,400 युरो. सगळ्या डब्यांचे मिळून 24,000 एकक झाले, म्हणजे एककाला 35 सेंट. तुमचं घर 60 चौरस मीटर आणि तुमचे एकक 2,000. तुमचं बिल: 360 अधिक 700, एकूण 1,060 युरो. हीटिंगची आगाऊ रक्कम महिन्याला 70 युरो भरत होतात, म्हणजे 840. उरलेले 220 भरायचे. तीच नाखत्सालुंग.

यात एककाचा भाव आधी ठरलेला नसतो, शेवटी निघतो. म्हणून मे महिन्यात डबीवरच्या आकड्याला गेल्या वर्षीच्या भावाने गुणून बिल काढायला गेलात तर फक्त अंदाज मिळेल, आणि गॅसचा भाव बदलला असेल तर तोही चुकेल.

आता महिना-दोन महिने राहून जाणाऱ्यांसाठी. वर्षाच्या मधे घर बदललं तर वापराचा वाटा मधल्या वाचनावरून निघतो, पण क्षेत्रफळाचा वाटा बहुधा ग्रादटागच्या, म्हणजे कोणत्या महिन्यात किती हीटिंग लागतं त्याच्या, ठरावीक कोष्टकावरून काढतात. वर्षाचे 1,000 भाग धरले तर जानेवारीचे 170, फेब्रुवारीचे 150, मार्चचे 130, एप्रिलचे 80, मेचे 40, जून-जुलै-ऑगस्ट मिळून 40, सप्टेंबरचे 30, ऑक्टोबरचे 80, नोव्हेंबरचे 120 आणि डिसेंबरचे 160. जानेवारी ते मार्च राहून घर सोडलेल्या माणसावर क्षेत्रफळाच्या वाट्याचे 450 भाग पडतात, आगाऊ रक्कम मात्र त्याने बाराव्या हिश्शाप्रमाणे तीनच महिने भरलेली असते. त्याला नाखत्सालुंग येणारच. उलट एप्रिलमध्ये येऊन ऑक्टोबरमध्ये गेलेल्याला पैसे परत मिळतात आणि तो सगळीकडे सांगत सुटतो की मी काटकसर केली. मधल्या वाचनाचे वेगळे पैसे लावले असतील तर करार तपासा. तसं ठरलेलं नसेल तर तो खर्च घरमालकाचा, असा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा 2007 चा निकाल आहे.

मीटर परवडतो का?

या डब्या फुकट नसतात. वाचन, हिशेब, बॅटरी संपल्यावर नवी डबी, उपकरणांचं भाडं, हे सगळं हीटिंगच्या खर्चातच मिळवलं जातं, म्हणजे तुमच्याकडूनच वसूल होतं. वरच्या इमारतीत मोजणीचा खर्च घरामागे वर्षाला 80 युरो धरू. तुम्ही थोडं सांभाळून वापरलंत आणि 400 एकक वाचवले, तर सुमारे 140 युरो वाचले. 80 गेले तरी हाती उरतात. आता दुसरं टोक बघा. चांगल्या बांधणीच्या नव्या इमारतीत घराचं इंधनच वर्षाला 300 युरोचं असेल, तर पाचवा भाग वाचवूनही 60 युरोच वाचतात. मोजण्याचा खर्च वाचवलेल्यापेक्षा जास्त. म्हणूनच दर चौरस मीटरला वर्षाला 15 किलोवॉट-तासांहून कमी लागणाऱ्या घरांना हा नियम लागू नाही, आणि दहा वर्षांत बचतीतून भरून न निघणारा खर्च असेल तरीही सूट मिळते.

माझं मत स्पष्ट आहे: जुन्या, गळक्या इमारतीत मीटर हवाच. तिथे तो नसेल तर खिडकी सताड उघडी ठेवून हीटर पाचवर ठेवणाऱ्याचं बिल तुम्ही भरता. नव्या इमारतीत मात्र मोजणी कंपनीचं बिल बारकाईने बघा. या धंद्यात मोजक्याच कंपन्या आहेत. जर्मनीच्या स्पर्धा आयोगाने, बुंडेसकार्टेलआम्टने, 2017 च्या अहवालात इथे पुरेशी स्पर्धा नाही असं सरळ म्हटलं. कंपनी निवडतो घरमालक, पैसे देतो भाडेकरू. मग घासाघीस कोण करणार? घरमालकाला उपकरणं विकत न घेता भाड्याने घ्यायची असतील, तर त्याने भाडेकरूंना आधी कळवावं लागतं. महिन्याच्या आत बहुसंख्य भाडेकरूंनी हरकत घेतली तर त्याला तसं करता येत नाही. ही तरतूद कागदावर सुंदर आहे, पण जिन्यात भेटल्यावर हालो म्हणण्यापलीकडे ओळख नसलेल्या शेजाऱ्यांचं बहुमत कसं जमवायचं ते तुमच्या कौशल्यावर आहे.

मीटरला एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे शेजारी. मधल्या मजल्यावरचं घर वरून, खालून, बाजूने तापतं. तुम्ही हीटर जवळजवळ बंद ठेवलात तरी 18 अंश राहतं आणि एकक फारसे पडत नाहीत. वरच्या कोपऱ्यातल्या घराला छतही थंड आणि दोन भिंतीही थंड. त्यांनी जपून वापरलं तरी आकडा पळतो. म्हणून क्षेत्रफळाचा वाटा शून्य ठेवलेला नाही. घर निवडताना कोपरा आणि छप्पर यांचा हिशेब मनात ठेवा.

चौथी पायरी: रोजचा वापर

थर्मोस्टॅटवरचे आकडे ताकदीचे नसतात, तापमानाचे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 2 म्हणजे 16, 4 म्हणजे 24. तारा म्हणजे पाइप गोठू नयेत इतपत, सुमारे 6 अंश. आई-बाबा नोव्हेंबरमध्ये आले की आल्या आल्या नॉब 5 वर फिरवतात, कारण घर लवकर तापावं. लवकर तापत नाही. 3 वर असताना जेवढ्या वेगाने तापतं तेवढ्याच वेगाने तापतं, फक्त 20 वर न थांबता 28 च्या मागे धावत राहतं. खोलीचं तापमान एक अंशाने कमी केलं तर सुमारे सहा टक्के ऊर्जा वाचते, असं जर्मनीचं पर्यावरण खातं सांगतं. बैठकीत 20, स्वयंपाकघरात 18, झोपायच्या खोलीत 17 अंश असा त्यांचा सल्ला आहे. 17 अंशांत झोपायचं की नाही ते आपलं आपण ठरवावं. बाळ असेल तर मी तरी आग्रह धरणार नाही.

रेडिएटरसमोर सोफा, वर जाड पडदा, त्यावर ओले कपडे, हे आपल्या घरांत हमखास दिसतं. पडद्यामागे गरम हवा कोंडते, थर्मोस्टॅटला वाटतं खोली तापली, आणि तुम्ही सोफ्यावर शाल गुंडाळून बसता. शिवाय कपड्यांची वाफ हवेत जाते. कुकरच्या शिट्ट्या, उकळता भात, आंघोळ, त्यात वाळत घातलेले कपडे, आणि थंडीच्या भीतीने बंद खिडक्या. फेब्रुवारीपर्यंत कोपऱ्यात काळी बुरशी येते. मग घरमालक म्हणतो तुम्ही घर नीट हवेशीर ठेवलं नाही. म्हणून श्टोसल्युफ्टन करा: नॉब बंद, खिडकी पूर्ण उघडी, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं सगळ्यात महाग, कारण भिंती गार होतात.

डिसेंबरमध्ये चार आठवडे भारतात जाताय? हीटर पूर्ण बंद करू नका. नॉब 1 वर ठेवा, थंड कोपऱ्यांत ओल धरणार नाही. शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा खिडकी उघडायला सांगता आलं तर उत्तम.

डब्यांवरचे आकडे वाचायला माणूस कधी येणार ती तारीख जिन्यात कागद चिकटवून कळवतात. दूरवाचनाच्या, म्हणजे आकडा घरात न येता दुरूनच वाचता येतो अशा, डब्या असतील तर कुणी येत नाही. नसतील तर घरी थांबा. दोन तारखा चुकल्या की अंदाजे वापर धरतात, आणि तो अंदाज तुमच्या बाजूने असेलच असं नाही. सगळ्या उपकरणांना दूरवाचन 31 डिसेंबर 2026 पर्यंत सक्तीचं आहे. दूरवाचनाच्या डब्या असतील तर 2022 पासून दर महिन्याला वापराची माहिती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात मागचा महिना, गेल्या वर्षीचा तोच महिना आणि सरासरी भाडेकरू यांच्याशी तुलना असायला हवी. मीटरचा खरा उपयोग होतो तो इथे. वर्षाने येणाऱ्या बिलाने कुणाची सवय बदलत नाही, नोव्हेंबरचा आकडा डिसेंबरात दिसला तर बदलते.

पाचवी पायरी: बिल आल्यावर

आधी तारीख बघा. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत बिल तुमच्या हातात पडायला हवं. 2024 चं बिल 31 डिसेंबर 2025 नंतर आलं आणि उशीर घरमालकाच्या चुकीने झाला असेल, तर तो जादा पैसे मागू शकत नाही. तुम्हाला पैसे परत मिळणार असतील तर मात्र ते द्यावेच लागतात.

मग ताडून बघा: क्षेत्रफळ कराराशी जुळतं का, डब्यांचे क्रमांक तुमच्या फोटोंशी जुळतात का, राहिल्याच्या तारखा बरोबर आहेत का. मधे रेडिएटर बदलला असेल तर नवा गुणक लावला का तेही बघा. 'गेशेत्स्ट' हा शब्द दिसला तर अंदाजे धरलंय. अशी घरं इमारतीच्या एक चतुर्थांशाहून जास्त क्षेत्रावर असतील, तर वापरावर वाटताच येत नाही.

वापराप्रमाणे वाटायला हवं असूनही वाटलं नसेल, तर तुमच्या वाट्यातून 15 टक्के कापता येतात. दूरवाचनाची उपकरणं मुदतीत बसवली नसतील तर 3 टक्के, मासिक माहिती दिली नसेल तर आणखी 3. (स्वतःचा फ्लॅट घेतलेल्यांना मालक संघाविरुद्ध ही कपात वापरता येत नाही.) 2023 पासून कार्बन कराचा भाग घरमालक आणि भाडेकरू यांच्यात दहा टप्प्यांत वाटला जातो. इमारत जितकी वाईट तितका घरमालकाचा वाटा जास्त. वर्षाला चौरस मीटरमागे 12 किलोपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड असेल तर सगळा भाडेकरूचा, 52 किलो किंवा अधिक असेल तर 95 टक्के घरमालकाचा. ही वाटणी बिलात दिसलीच नाही तर तिथेही 3 टक्के कापता येतात. घरात स्वतःचा गॅस बॉयलर असेल तर ही वाटणी आपोआप होत नाही. गॅस कंपनीचं बिल आल्यापासून सहा महिन्यांत घरमालकाकडे लेखी मागायची. हे ठाऊक नसल्याने किती मराठी घरांनी पैसे सोडून दिले असतील देव जाणे.

शंका असेल तर बेलेगआइनझिख्त मागा, म्हणजे मूळ पावत्या बघण्याचा हक्क. लेखी मागा, ईमेल चालेल, पण तारीख टाका. हरकतीसाठी बिल मिळाल्यापासून 12 महिने असतात. तोवर नाखत्सालुंग अडवून ठेवायची नसेल, तर 'उंटर फोरबेहाल्ट' असं लिहून भरा, म्हणजे पैसे भरले तरी हरकत कायम राहते.

जर्मन पत्र लिहायचं म्हणजे घाम फुटतो, हे मान्य. त्यासाठी बहुतेक शहरांत मीटरफेरआइन, म्हणजे भाडेकरू संघ असतो. वार्षिक वर्गणी भरली की त्यांचे वकील बिल तपासतात आणि घरमालकाला पत्र पाठवतात. सोबत मिळणाऱ्या कायदेशीर विम्याला मात्र बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांची प्रतीक्षा असते आणि आधी सुरू झालेला वाद त्यात धरत नाहीत, म्हणून सभासद व्हायचं ते बिल यायच्या आधी.